पोच म्हणजे मंजुरी नव्हे

गोरेगाव, मंगळवार, १४ जानेवारी २०२५

चि. चंद्रप्रकाश यास,

इथे 'अनेक आशीर्वाद' लिहायची पद्धत आहे. या वेळी ती जागा मुद्दाम कोरी सोडली आहे.

आज संक्रांत. आम्हा स्त्री कक्षातल्या बायकांना नाश्त्याबरोबर एकेक तिळाचा लाडू मिळाला. वाटता वाटता शर्मिष्ठा सिस्टर म्हणाल्या, गोड बोला. लाडू खाल्ला. गोड बोलणं मात्र जमायचं नाही, कारण गेल्या सोमवारी, सहा तारखेला, माझ्या पाठच्या भावाने एका कागदावर सही केली, मला या मनोरुग्णालयात भरती केलं आणि तो बोरिवलीला आपल्या घरी निघून गेला. आज नववा दिवस. इथला फोन चार वाजल्यानंतर मिळतो. पाचदा लावला, पाचही वेळा तू कापलास. पत्र मात्र कुणाला अडवता येत नाही. आमचे हक्क काय ते कायद्याने भिंतीवर लावायला लागतात, तसे लावलेत. कागद ओल येऊन पुसट झालाय, पण पुसट कागद वाचण्यात माझी हयात गेली.

मी असं केलं तरी काय होतं? पालिकेच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं मी लोकांचे अर्ज घेते. शिक्का मारायचा, तारीख घालायची, दुसऱ्या प्रतीवर सही करून पोच द्यायची. माणूस खूश होऊन निघाला की मागून सांगायचं, "पोच म्हणजे मंजुरी नव्हे हं." त्यातल्या त्रेसष्ट अर्जांकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. ते मी पिशवीत घातले आणि मुलुंडभर घरोघर जाऊन सांगितलं की तुमचं काम मंजूर झालं. नीलम नगरात एक आजोबा रडले. त्यांचा गटाराचा अर्ज चार वर्षांचा होता. यात वेड कुठे आलं?

तीन दिवस मी झोपले नव्हते, असं तू डॉक्टरांना सांगितलंस. काम असलं की माणूस जागतो. बाकी जे झालं ते झालं, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

तुझी सही चालली कशी, ते सांगते. सहा वर्षांपूर्वी माझं औषध सुरू झालं तेव्हा बाह्यरुग्ण विभागात एक फॉर्म दिला होता. त्यात एक रकाना होता, 'नामनिर्देशित प्रतिनिधी'. म्हणजे मी आजारी पडले तर माझ्यासाठी बोलणारा माणूस. मी विचार न करता तुझं नाव घातलं. जिथे नॉमिनी लागतो तिथे तुझंच नाव घालायचं, ही माझी जुनी खोड.

चार फेब्रुवारीला तीस दिवस भरतात. त्यापुढे ठेवायचं तर पुन्हा कागद होतो. डॉक्टर केयूर सबनीस तुझ्याशी मुदत वाढवण्याबद्दल बोललेत आणि पुढे कर्जतला कुठलं तरी केंद्र आहे, तिथे मला कायमचं ठेवायचं ठरतंय, हे मला कळलंय. कसं कळलं ते विचारू नकोस. तू त्या कागदावर सही करायची नाहीस. जुलैत मी रिटायर होणार आहे आणि तेही माझ्या खुर्चीवरून, कर्जतच्या खाटेवरून नाही.

सुलक्षणा


गोरेगाव, शनिवार, १८ जानेवारी

चंदू,

उत्तर नाही. हरकत नाही. वाट बघायला लावणं हे आमच्याच खात्याचं काम, ते उलटून अंगावर आलं म्हणायचं.

आज मी पहिलं पाऊल उचललं. भिंतीवरच्या कागदात लिहिलंय की कोंडलेल्या माणसाला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. हे मंडळ रुग्णालयाचं नसतं, बाहेरचं असतं, आणि सोडा म्हणालं तर रुग्णालयाला सोडावं लागतं. मी शर्मिष्ठा सिस्टरकडून चार फुलस्केप घेतले आणि अर्ज लिहिला. समास सोडला, विषय अधोरेखित केला, संदर्भ दिला, मुद्दे क्रमाने मांडले. वर डाव्या कोपऱ्यात 'योग्य मार्गे: मा. वैद्यकीय अधीक्षक' असं घालून अधीक्षकांच्या केबिनमध्ये नेऊन दिला. असा अर्ज त्यांनी जन्मात पाहिला नसेल. पोच मागितली तर क्लार्क म्हणाला, "ठेवा ना मॅडम, देतो नंतर." त्याला नवीन समजून सोडून दिलं.

शेजारच्या खाटेवर मीरा आहे, मनोरीची. ती सुकी मासळी विकते. तिने विचारलं, "मावशी, माझा पण लिवशील?" तिला आणून बेचाळीस दिवस झालेत, आणि तीस दिवसांनंतर दुसरा कागद व्हावा लागतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचाही लिहिला, तिचाही योग्य मार्गे दिला.

आठवतं का, डिलाईल रोडच्या खोलीत गिरणी संपाच्या वर्षी मी अख्ख्या चाळीचे अर्ज लिहायची? बाबा घरी बसलेले, मी पंधराची आणि तू आठ. तुला पतंग हवा होता. मी म्हटलं, अर्ज कर. तू केलास. अर्धा बटाटा कोरून, शाईत बुडवून मी त्यावर गोल शिक्का मारला आणि आत तारीख घातली. तू नाचत आईला दाखवायला गेलास. आई म्हणाली, "पतंग खंय हा रे?" तू रडत परत आलास. तेव्हा पहिल्यांदा मी कुणाला तरी सांगितलं की पोच म्हणजे मंजुरी नव्हे.

पतंग मी दुसऱ्या दिवशी आणला होता. हेही लक्षात असू दे.

सुलक्षणा


गोरेगाव, गुरुवार, २३ जानेवारी

चंदू,

हसायचं असेल तर हस. माझी वाट लागली होती आणि ती मीच लावली होती.

आज कक्षात एक वकील आली. गंधाली नाव. तिशीची असेल, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात फायलींची पिशवी, अंधेरीहून स्कूटरवर. विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरची वकील आहे, आमच्यासारख्यांना फुकट मिळते. खाटेखाटेपाशी जाऊन विचारत होती, कुणाला काही बोलायचंय का. बाकीच्या बायका चादरी ओढून बसल्या. मी म्हटलं, माझं काम आधीच मार्गी लागलंय, मंडळाकडे अर्ज गेलाय.

"कधी दिलात?"

"शनिवारी."

"कोणाकडे?"

"अधीक्षकांकडे. योग्य मार्गे."

ती स्टूल ओढून जवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, ज्यांनी तुम्हाला आत ठेवलंय, त्यांच्याविरुद्धचा अर्ज तुम्ही त्यांच्याच हातात दिलात?"

चंदू, एकतीस वर्षं मी हेच शिकले की वरच्या ऑफिसला सरळ लिहायचं नाही. साहेबांच्या हातून जायचं, नाहीतर मेमो. कुणी सरळ लिहिलंच तर मीच त्याचा अर्ज परत करायची, लाल पेनाने लिहून, 'योग्य मार्गे सादर करावा'. किती लोकांचे केले असतील. त्यांच्या साहेबाविरुद्धच तक्रार असली तरी केले. तेव्हा एकदाही मनात आलं नाही.

गंधाली केबिनमध्ये गेली आणि वीस मिनिटांनी आमचे दोन्ही अर्ज घेऊन परत आली. माझ्याच फायलीत लावून ठेवले होते. मीराचाही माझ्याच फायलीत. मला इतका राग आला की माझा आवाज चढला. ती म्हणाली, "राग ठेवा, कामाला येईल. पण आवाज खाली. इथे तुमचा आवाज चढला की ते लक्षण म्हणून लिहितात."

मी तिला स्पष्ट विचारलं, मी बरी आहे असं तुला वाटतं का? ती म्हणाली, "ते डॉक्टरांनी ठरवायचं. मी तुमची वकील आहे ते तुम्ही बऱ्या आहात म्हणून नाही. तुम्हाला घरी जायचंय असं तुम्ही म्हणताय, म्हणून. उद्या मी हे स्वतः मंडळात देते. सात दिवसांत निर्णय द्यावा लागतो त्यांना."

"पोच घ्या," मी म्हटलं.

"अहो, फोटो पाठवते ना."

"फोटो नको. शिक्का, तारीख, सही. दुसरी प्रत मला हातात."

हसली, पण वहीत लिहून घेतलं. पोरगी कामाची आहे.

तिने आणखी एक सांगितलं. प्रतिनिधी म्हणून तुझं नाव मी केव्हाही काढू शकते. साध्या कागदावर, एका सहीने. तिने कागद पुढे केला आणि विचारलं, "मग कोणाचं घालू?"

मला नाव सुचलं नाही. सत्तावन्न वर्षांच्या बाईला एक नाव सुचू नये, याची लाज वाटली. कागद तसाच कोरा उशीखाली ठेवलाय.

सुलक्षणा


गोरेगाव, रविवार, २६ जानेवारी

चंदू,

किती टाके पडले?

आतापर्यंत हे विचारलं नाही, कारण विचारलं की कबूल करावं लागतं. शुक्रवारी गंधालीने अर्ज मंडळात दिला, आणि शनिवारी संध्याकाळी शिक्क्याची प्रत घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिने माझी पूर्ण फाईल वाचली होती. "भावाला इजा, डाव्या भुवईवर, लोखंडी वस्तूने. हे मला का नाही सांगितलंत? समोरच्याकडून कळलं असतं तर मी तिथे तोंडात मारल्यासारखी उभी राहिले असते."

मग सांगितलं तिला. तुलाही सांगते, तू तिथे होतास तरी. ऑक्टोबरपासून मी गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांनी हात कापायचा आणि शिक्का वाकडा पडायचा. माझा शिक्का वाकडा पडलेला मला चालत नाही. पहिले दोन महिने झकास गेले. मग झोप गेली. मग ते त्रेसष्ट अर्ज. नीलम नगरातले आजोबा रडले ते खरं, पण दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले आणि त्यांना कळलं की काहीच मंजूर झालेलं नाही. ते पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. त्या म्हाताऱ्या माणसाला मी पतंगाशिवाय पोच दिली.

आणि सहा तारखेला तू मुलुंडला आलास, पिशवी माझ्या हातातून घ्यायला लागलास, म्हणालास, "बाय, बस झालं गं, चल." मी ऑफिसातून बाद झालेला तारखेचा लोखंडी शिक्का घरी जपून ठेवला होता, तो तुला फेकून मारला. रक्त बघून मी थांबले नाही. आणखी काय मिळतंय ते शोधत होते. हे मला आठवतंय, आजारात काही आठवत नाही असं म्हणायची सोय मला नाही.

मी चुकले. माफी मागते. ती पोटातून आहे, सुटका व्हावी म्हणून नाही.

पण आता पुढचं ऐक. त्या दिवशी मला इथे आणलंस ते बरोबर होतं. हे लिहिताना दात ओठ खावे लागतायत, तरी लिहिते. त्यानंतरचं चूक होतं. आणून टाकलंस आणि आला नाहीस. फोन कापलास. मला न विचारता कर्जत ठरवलंस. मी आता गोळ्या घेते, हात कापतो, सात तास झोपते, बारा दिवस झाले. आजारी माणूस कायमचा आजारीच नसतो. मी तुझी बहीण आहे, बाद झालेली फाईल नाही.

गुरुवारी, तीस तारखेला, सकाळी अकरा वाजता मंडळ इथेच बसणार आहे. तुला नोटीस आली असेल. येऊन खरं काय ते सांग, माझ्याविरुद्ध असलं तरी. तुझी बायको सुनंदा म्हणेल, कशाला त्या भानगडीत पडता. तिचंही चुकत नाही, तिने तुझं डोकं शिवलेलं बघितलंय. तरी ये.

आपला भीमराज शनिवारी आला होता, दर शनिवारी घाटकोपरहून डबा घेऊन येतो. वीस वर्षं माझ्या टेबलाचा शिपाई. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. म्हणाला, "बाई, मी शिपाई माणूस. माझी सही चालेल?" म्हटलं, कायद्यात हुद्दा लिहिलेला नाही. थोडा वेळ डब्याचं झाकण पुसत बसला. मग म्हणाला, "करतो. पण गोळ्या बंद केल्या तर मीच पहिला इथे आणून सोडणार. चालेल तर बोला."

मी नाव घातलं. तुझं काढलं.

सुलक्षणा


मुलुंड पूर्व, सोमवार, ३ फेब्रुवारी

चि. चंदू,

गुरुवारी तू समोर होतास, तरीही लिहिते. तू पूर्ण वेळ खाली बघत होतास आणि मी तुझ्या भुवईकडे, तेव्हा दोघांची मिळून एक सुनावणी झाली असं समजू.

डॉक्टर सबनीस म्हणाले, अजून नव्वद दिवस ठेवणं हिताचं. निवृत्त न्यायाधीश वहीत लिहीत होते. मंडळावरची ती जाड चष्म्याची बाई, ती स्वतः या आजारातून गेलेली आहे, हे मला गंधालीने नंतर सांगितलं. तिने मला एवढंच विचारलं, "गोळीने हात कापतो, मग परत बंद करणार?" मी म्हटलं, शिक्का मारायचं काम दुसऱ्याकडे देईन, मी नोंद करीन. तिने मान हलवली आणि डॉक्टरांना म्हणाली, "हाताचं यांनी सहा वर्षांत कुणाला सांगितलं होतं का, की कुणी विचारलंच नव्हतं?" डॉक्टर फाईल चाळत राहिले.

मग गंधालीने तुला विचारलं, "आज त्या स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहेत, असं तुम्हाला कशावरून वाटतं?" मला वाटलं, संपलं. आतल्या खिशातून तू माझी पत्रं काढलीस आणि टेबलावर ठेवलीस. म्हणालास, "हे वाचून तसं नाही वाटत. बाय आधी लिहायची तसंच लिहिलंय, शिव्या पण बरोबर जागी आहेत. पण मला भीती वाटते साहेब. मी दार उघडतो आणि ती तो शिक्का घेऊन उभी असेल असं वाटतं. म्हणून मी कर्जतचं बघितलं. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

चंदू, ते बोलायला छाती लागते. न्यायाधीश म्हणाले, तुमची भीती खरी आहे, पण भावाच्या भीतीपायी बहिणीला कोंडून ठेवता येत नाही. पुढचं तुला माहीत आहे. मला सोडायचा हुकूम झाला, दर पंधरा दिवसांनी तपासणीला जायचं आहे, आणि आमचे अर्ज फायलीत का दाबले याचा खुलासा अधीक्षकांकडे मागितलाय. मीराची सुनावणी उद्या आहे. मी निघेपर्यंत खाट क्रमांक सातवर अकरा अर्ज झाले होते, सगळे थेट मंडळाला, सगळे दोन प्रतींत. शर्मिष्ठा सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही गेलात की मला कागद पुरतील." पण जाताना त्यांनीच रिक्षा थांबवून दिली.

आता खरं ते. गंधालीने ती पत्रं उचलून मंडळाकडे दिली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरून गेली. चारही पत्रांच्या डोक्यावर तू पेनाने गोल काढला होतास. गोलात तारीख. खाली तुझी सही. अठरा तारखेचं पत्र बावीसला मिळालेलं. एकाही पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, आणि एकही पत्र तू पोच दिल्याशिवाय ठेवलं नाहीस. मी तिथे रडले नाही, कारण रडणंही लक्षण म्हणून लिहितात. घरी येऊन रडले. स्वयंपाकघरात उभी राहून, नळ सोडून.

भीमराजचं नाव मात्र राहणार. ते बदलणार नाही. सही त्याची, कारण तो मला घाबरत नाही आणि मी त्याच्यावर हात उचलणार नाही. गंधालीने आणखी एक कागद करायला सांगितलाय, आगाऊ निर्देश म्हणतात. पुन्हा आजारी पडले तर माझ्याशी कसं वागावं, ते बरी असताना लिहून ठेवायचं. काल रात्रीची गोळी घेऊन झोपले आणि आज सकाळी बसून लिहिला. तुझ्यापुरतं आहे ते इथे उतरवते:

'मला कर्जतला किंवा कुठेही कायमचं ठेवू नये. घरातल्या लोखंडी वस्तू आधी काढून न्याव्यात. रुग्णालयात न्यायची वेळ आली तर भाऊ चंद्रप्रकाश यास कळवावं. त्याच्याकडे सही मागू नये. त्याच्यावर निर्णय टाकू नये. त्याने फक्त येऊन बाहेर बाकावर बसावं, म्हणजे दार उघडेल तेव्हा मला तो दिसेल.'

एवढंच काम आहे. जमेल का बघ. न जमल्यास तसंही कळव, मी चिडेन, पण कळव.

तो शिक्का आता घरात नाही. भीमराज पिशवीत घालून घेऊन गेला.

या पत्राच्या दोन प्रती पाठवतेय. रविवारी बांगडे आणते, तिरफळ घालून करीन. एक प्रत सही करून घेऊन ये. सुनंदाला विचारीन, मग निरोप धाडीन, मग बघू, असलं काही नको. योग्य मार्गे नको, चंदू. थेट ये.

तुझी,
बाय